पुंगोलची ‘रिकामी’ जागा

कोकणातल्या दिवाळीत पणती लावली की पाच मिनिटांत तिच्याभोवती हिरवे तुडतुडे जमतात. भात कापणीला आलेलं असतं, शेतातले हे इवलेसे किडे उजेडाकडे धावतात आणि फराळात पडू नयेत म्हणून घरातली बाई ताटावर ताट झाकून ठेवते. इथे पुंगोलला आपण तेराव्या मजल्यावर कॉरिडॉरमध्ये पणत्या लावतो, तेव्हा त्यांतला एकही येत नाही. आसपास भातशेतीच नाही, तर तुडतुडे येणार कुठून? किड्याचं असंच असतं. त्याचं खाणं जिथे, तिथे तो. झाड गेलं की मागोमाग तोही जातो, आणि तो गेल्याचं बहुतेक वेळा कुणाला कळतही नाही.

इथे येण्याआधी मी रत्नागिरीला शाळेत भूगोल शिकवत होते. नोकरी सुटली, पण आपण राहतो त्या जमिनीवर पूर्वी काय होतं हे शोधायची खोड काही सुटली नाही. पुंगोल या मलय नावाचा अर्थ ‘फळं पाडण्यासाठी झाडावर काठी फेकणे’ असा सांगतात. म्हणजे कधीकाळी इथे फळझाडं असणार. मग रबराचे मळे आले, मासेमारीची गावं होती, पुढे कोंबड्यांची आणि डुकरांची फार्म्स आली. तीही हटली आणि १९९६ मध्ये ‘पुंगोल २१’ या नव्या नगराची घोषणा झाली. आपण संध्याकाळी ज्याच्या काठाने फिरतो तो ४.२ किलोमीटरचा जलमार्ग तर २०११ मधला, माणसांनी खणलेला. पलीकडे लोरोंग हालुसला १९९९ पर्यंत कचरा टाकत असत. आज तिथे पाणवनस्पतींची तळी आहेत, जुन्या कचऱ्यातून झिरपणारं पाणी त्यांत शुद्ध होतं आणि वर चतुर उडत असतात. थोडक्यात, पुंगोलची पाटी पुन्हा पुन्हा पुसून नव्याने लिहिली गेली आहे.

अशा उलथापालथ झालेल्या जमिनीवर काय जगतं आणि काय कायमचं जातं, हा उष्ण कटिबंधातल्या अभ्यासकांचा मोठा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला सिंगापूरइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. बेट लहान, जंगलतोड जवळजवळ पूर्ण आणि नोंदी दोनशे वर्षांच्या!

१८५४ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस सिंगापूरला आला आणि बुकित तिमाच्या मिशनमध्ये राहिला. साधारण दोन महिन्यांत त्याने भुंगेऱ्यांच्या सुमारे ७०० जाती गोळा केल्या. त्यांत लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्याच १३० होत्या, आणि हे जवळजवळ सगळं एक चौरस मैलाहून मोठ्या नसलेल्या जंगलाच्या तुकड्यात. इतके किडे तिथे का मिळाले, याचं कारणही त्याने लिहून ठेवलं आहे. चिनी लाकूडतोडे तिथे झाडं पाडत होते. पडलेले ओंडके, सुकणारी साल, पाला आणि भुसा यांवर किड्यांची आणि त्यांच्या अळ्यांची चंगळ होती. म्हणजे जंगल तुटत असतानाच वॉलेसची पेटी भरत होती! पण ही चंगळ शेजारी उभं जंगल असेपर्यंतचीच. शेवटचा ओंडका कुजला की पुढचा भुंगेरा येणार कुठून?

पुढे काय झालं ते २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलं. बॅरी ब्रुक, नवज्योत सोढी आणि पीटर एन्ग यांनी जुन्या नोंदी तपासून दाखवलं की १८१९ नंतर इथलं ९५ टक्क्यांहून अधिक मूळ जंगल गेलं आणि त्याबरोबर असंख्य जाती गेल्या, विशेषतः फक्त जंगलातच राहू शकणाऱ्या. सोढी हे मूळचे भारतातले, सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात प्राध्यापक होते. २०११ मध्ये ते अकाली गेले. त्याच निबंधातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. देशाच्या जेमतेम ०.२५ टक्के क्षेत्रावर असलेल्या राखीव जंगलांत उरलेल्या मूळ जैवविविधतेतला निम्म्याहून अधिक भाग तग धरून आहे. एवढ्याशा पदरात एवढं सगळं!

२०२३ मध्ये नव्या अभ्यासाने दोन शतकांच्या ५०,०००हून अधिक नोंदी पुन्हा मांडल्या आणि सुमारे ३७ टक्के जाती नाहीशा झाल्या असाव्यात असा अंदाज दिला. यात कधी नोंदच न झालेल्या जातीही धरल्या आहेत. त्या कशा मोजायच्या? मी बाईंच्या भाषेत सांगते. वर्गाचा हजेरीपट तयार होण्याआधीच जी मुलं शाळा सोडून गेली, त्यांची गैरहजेरी लावता येत नाही. पण पटावरची मुलं कोणत्या वर्षी आली आणि कोणत्या वर्षी गेली हे नीट पाहिलं, तर न नोंदलेली किती असतील याचा गणिती अंदाज बांधता येतो. शास्त्रज्ञांनी तेच केलं.

मग आपल्याला चहूकडे दिसतं ते हिरवंगार काय आहे? गेल्या वर्षी सासूबाई आल्या होत्या, तेव्हा त्यांना कोनी आयलंडला घेऊन गेले. २०१५ मध्ये उघडलेलं हे ५० हेक्टरचं उद्यान आपल्या घरांपासून चालत जाण्याजोगं आहे. आत शिरताच त्या म्हणाल्या, “अगं, हे तर आपलं सुरूचं बन!” मग पुढे बदाम दिसला, वाटेत सुबाभूळ दिसली, घाणेरीची फुलं दिसली. “सगळं आपल्याकडचंच आहे की गं इथे. वेगळं काय दाखवायला आणलंस?”

“आई, गंमत तीच आहे,” मी म्हटलं. सुरू इथल्या किनाऱ्याचा मूळ रहिवासी, कोकणात तो माणसांनी लावला. सुबाभूळ आणि घाणेरी मात्र दोन्हीकडे पाहुण्या, मूळच्या अमेरिकेतल्या. जमीन उघडी पडली की असे चिवट पाहुणे जगभर सारखेच येतात आणि त्यांच्या मागे काहीही चालवून घेणारे किडे येतात. म्हणूनच रत्नागिरीची झाडी आणि पुंगोलची झाडी एकमेकींसारखी दिसू लागते. हिरवं परत येतं, पण प्रत्येक वेळी तेच हिरवं परत येत नाही.

हा फरक घरबसल्याही दिसतो. कॉरिडॉरमधल्या लिंबाच्या कुंडीत पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी तुम्ही पाहिली असेल. ती लाइम बटरफ्लायची. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून शिंगासारखा अवयव काढून उग्र वास सोडते. लिंबू सगळीकडे, म्हणून हे फुलपाखरूही सगळीकडे. याउलट, २०१५ च्या मतदानात सिंगापूरचं राष्ट्रीय फुलपाखरू म्हणून निवडलेलं कॉमन रोझ. तेही लाइम बटरफ्लायचं नातेवाईकच, आपल्या महाराष्ट्रातही आहे, पण त्याच्या अळीला आपल्या सापसंदीच्या कुळातल्याच वेली लागतात. ती वेल नसेल तर बाग कितीही फुललेली असो, ते तिथे अंडी घालणार नाही.

आता चिखलाकडे वळू. कोकणातल्या माणसाला खाडीकाठची तिवरं, चिप्पी, कांदळ नवी नाहीत. पण ‘तिथे आहे काय, चिखल आणि डास’ असंच आपण ऐकत आलो. शास्त्रज्ञांचाही साधारण असाच समज होता, कारण कांदळवनात झाडांच्या जाती मोजक्याच. २०२१ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी तो समज मोडला. त्यांनी वेगवेगळ्या जंगलांत तंबूसारखी जाळी लावून किडे गोळा केले आणि सुमारे १,४०,००० किड्यांची ओळख पटवली. दुकानातल्या वस्तूवर बारकोड असतो, तसा प्रत्येक किड्याच्या डीएनएचा एक ठरावीक छोटा तुकडा वाचायचा, अशी ही पद्धत. जाती निघाल्या सुमारे ८,५००. आणि एकट्या सिंगापूरच्या कांदळवनात ३,०००हून अधिक, त्यांतल्या निम्म्याहून जास्त तर फक्त कांदळवनातच राहणाऱ्या! झाडं कमी असूनही हे कसं जमतं? पानं खाणारे किडे इथे कमीच आहेत. भर आहे ती शिकारी किड्यांची. त्यांच्या अळ्या त्या सुपीक चिखलातच पोसल्या जातात.

हे वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते. दोनशे वर्षांपूर्वी या बेटाचा अंदाजे १३ टक्के भाग कांदळवनाखाली होता, आज एक टक्काही उरलेला नाही. ज्या चिखलात काही नाही म्हणून भराव घातले गेले, त्यात किती नावं होती, हे आता कोण सांगणार?

याबाबतीत आपणही मागे नाही. रत्नागिरीचे कातळसडे सरकारी दप्तरात पडीक म्हणून मांडले गेले. पावसाळ्यात त्याच सड्यांवर सीतेची आसवं, गेंद, किडे पकडून खाणारी दवबिंदू अशी झाडं फुलतात, आणि कातळशिल्पंही तिथेच सापडतात. महाराष्ट्रात कांदळवनासाठी स्वतंत्र कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला. नाव मिळालं की माणसं विचारपूस तरी करतात.

आमच्या ब्लॉकसमोरच्या मोकळ्या प्लॉटला गेल्या वर्षी पत्र्याचं कुंपण लागलं. तिथे नवे फ्लॅट होणार आहेत आणि त्यांतला एक आमच्या शेजारणीच्या मुलाला मिळाला आहे. आम्ही पेढे खाल्ले. घरं लागतातच, आमचंही घर अशाच झाडीच्या जागी उभं आहे. लेकीने विचारलं, “आई, आधी तिथे काय होतं?” शेजारीण म्हणाली, “काही नाही गं, रिकामी जागा होती.” लेक गप्प बसली, पण आत जाऊन वही घेऊन आली. फुटपाथवरून पाहिलेल्या सतरा किड्यांची आणि झाडांची यादी तिने त्यात करून ठेवली होती. काही नावं खरी, काही तिनेच ठेवलेली. “मावशी, हे सगळे राहत होते तिथे,” ती म्हणाली.

बांधकाम थांबवणं आपल्या हातात नाही, आणि दरवेळी थांबवावं असंही मी म्हणत नाही. पण कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता घ्यायचा हे ठरतं ते नोंदींवरून, आणि नोंदी आपण करू शकतो. एनपार्क्सतर्फे सामान्य नागरिकांसाठी फुलपाखरं आणि चतुर मोजायचे उपक्रम होतात. फोनवर आयनॅचरलिस्ट असेल तर फोटो टाकायचा, जाणकार नाव सांगतात. उद्यानातला किडा पकडायचा नाही, पान तोडायचं नाही, तशी परवानगीही नसते. डिसेंबरच्या सुट्टीत एक सकाळ काढा. कोनी आयलंडला गेलात तर अंगभर कपडे घाला आणि मलम लावा, कारण तिथल्या वाळूमाश्यांना आपणही त्यांचं खाणंच वाटतो. सोबत आजी-आजोबा असतील तर फारच छान. सुरू, बदाम, चिप्पी ही नावं त्यांच्याकडे आहेत. ती मुलांच्या वहीत उतरवून घ्या.