पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट

गेल्या श्रावणात एका रात्री तीनच्या सुमारास आमची आई न्हाणीघराच्या दारात पडली. उजव्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. कारण पाहू गेले तर एक ओले, कडा वळलेले पायपुसणे. ते दोन वर्षे त्याच जागी होते. घरातील प्रत्येक जण त्यावरून एकदा तरी घसरता घसरता सावरला होता. सावरला, म्हणूनच कुणी ते उचलले नाही.

आई रुग्णालयात असताना वडील आणि मी रात्री घरातले सगळे दिवे मालवून तिच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चालून पाहिले. अंतर अवघे बारा पावलांचे. त्यात पाच ठिकाणी आम्ही अडखळलो. आपल्या घरात वयस्कर माणूस असेल, किंवा आपणच त्या वयाचे असाल, तर ही चाचणी आज रात्रीच करून पाहावी. चष्मा काढून, रात्री पायात असतात त्याच चपला घालून, आणि सोबतीला कुणाला तरी घेऊन. दिवसाउजेडी न दिसणाऱ्या गोष्टी तेव्हा पायांना कळतात. दुरुस्तीची यादी कागदावर बसून करण्यापेक्षा अशी चालून केलेली बरी.

पहिली अडचण उजेडाची असते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून तरुण मुलाला पुरेसा वाटणारा बोळातला मंद दिवा आईवडिलांना पुरत नाही. उलट, झोपेतून उठल्यावर डोक्यावरची मोठी ट्यूब एकदम लावली तर डोळे दिपतात आणि क्षणभर काहीच दिसत नाही. जमिनीपासून हातभर उंचीच्या सॉकेटमध्ये बसणारे अर्ध्या वॅटचे पिवळसर एलईडी दिवे यावर उत्तम. पलंगाजवळ एक, वळणावर एक आणि न्हाणीघराच्या दाराशी, पाणी उडणार नाही अशा जागी, एक. हालचाल टिपून आपोआप लागणारे दिवेही मिळतात. पण ते लागायला किंचित उशीर करत असतील तर साधा, रात्रभर जळणारा दिवाच ठेवावा. त्याचे वीजबिल नगण्य येते.

पलंगाची उंचीही पाहावी. कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात राहिले पाहिजेत. पलंग ठेंगणा असेल तर सुताराकडून मधोमध खळगा पाडलेले चार भक्कम लाकडी ठोकळे करून घ्यावेत. पाय त्या खळग्यात बसला की पलंग सरकत नाही. विटा लावण्याचा मोह टाळावा. उठताच चालू लागू नये, मिनिटभर कडेवर बसावे. रक्तदाबाच्या काही औषधांनी उभे राहताच रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगावे. ते काम पेचकसाने होणारे नाही.

वाटेवरच्या सतरंज्या, गालिचे, पंख्याची वायर, स्टुलाखाली सरकवलेली वर्तमानपत्रांची चळत हे सारे हलवावे. पायपुसणे हवेच असेल तर खालून रबर असलेले घ्यावे आणि रबर कडक होताच बदलावे. काठीच्या किंवा वॉकरच्या टोकाचे रबरी बूटही उलटून पाहावेत. खाचा झिजून तळ गुळगुळीत झाला असेल तर ते ओल्या फरशीवर साबणासारखे सरकतात. नवे आणताना काठी दुकानात सोबत न्यावी, कारण आतील व्यास वेगवेगळे असतात आणि सैल बूट हा झिजलेल्या बुटाहून वाईट. न्हाणीघराचा इंच-दीड इंचाचा उंबरठा फरशीच्याच रंगाचा असेल तर त्याच्या कडेला गडद पिवळी चिकटपट्टी लावावी. चाकाची खुर्ची न्यायची असल्यास मात्र उतरंड हवी, आणि ती एकास बारा या प्रमाणात: दोन इंचांच्या उंबरठ्याला चोवीस इंच लांबीची. त्याहून आखूड केली तर खुर्ची ढकलणाऱ्याची कसोटी लागते.

आता मुख्य काम, भिंतीवर आधाराचा दांडा बसवण्याचे. दुकानात त्याला ग्रॅब बार म्हणतात. आमच्याकडे कमोडशेजारी टॉवेलचा दांडा होता आणि आई वर्षानुवर्षे तोच धरून उठत असे. मी तो सहज ओढून पाहिला, तर एका बाजूने प्लगसकट हातात आला. टॉवेलचा दांडा ओल्या टॉवेलापुरताच असतो. आधाराच्या दांड्याने शंभर किलोहून अधिक भार पेलला पाहिजे, कारण तोल जाताना माणूस तो हिसक्यानेच धरतो. रबरी वाटीने भिंतीला चिकटणारे दांडे या कामासाठी घेऊ नयेत. ते बेसावध क्षणी सुटतात, आणि आपल्याला ते हवे असतात नेमके त्याच क्षणासाठी.

दांडा गंज न धरणाऱ्या स्टीलचा, मुठीत नीट मावेल असा, सुमारे सव्वा ते दीड इंच जाडीचा असावा. भिंतीपासून दीड इंच अंतर पुरे. जास्त असले तर घसरलेला हात कोपरापर्यंत आत अडकू शकतो. आडव्या दांड्याची उंची जमिनीपासून 33 ते 36 इंच असा सर्वसाधारण नियम आहे. तरीही ज्यांच्यासाठी तो बसवायचा त्यांना आधी कमोडवर बसवून, मग उठवून, हात आपसूक जिथे जातो तिथे पेन्सिलीने खूण करून घ्यावी. कोणता हात बळकट, तेही विचारावे.

नेमके इथेच आमचे वडील अडून बसले. "घराचा दवाखाना करायचाय का तुला? पाहुणे काय म्हणतील?" ब्याऐंशी वर्षांच्या या माणसाने आयुष्यभर घरातला प्रत्येक खिळा स्वतः ठोकला होता, आता त्यांच्याच भिंतीवर त्यांना न विचारता भोके पडणार होती. मी ड्रिल मशीन खाली ठेवले आणि म्हटले, "अण्णा, भोक कुठं पाडायचं ते तुम्हीच सांगा. मला भिंत कळत नाही." ते खुर्ची ओढून दाराशी बसले आणि मग दिवसभर उठले नाहीत. सांभाळणाऱ्यांना माझी एवढीच विनंती, की हे काम वडीलधाऱ्यांच्या पाठीमागे उरकू नये.

भोक पाडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून ड्रिलसाठी दुसरीकडून वीज घ्यावी, किंवा बॅटरीवरचे मशीन वापरावे. नळाच्या व शॉवरच्या सरळ रेषेत वर-खाली आणि स्विचबोर्डाच्या उभ्या रेषेत भोक पाडू नये; भिंतीतले पाइप आणि वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. टाइलवर बोटाने टकटक करून पाहावे. आवाज पोकळ आला तर तिच्यामागे सिमेंट नाही, ती तडकेल, जागा बदलावी. खुणेवर मास्किंग टेपची फुली चिकटवली की बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत मशीनचा ठोका बंद ठेवावा, मग सुरू करावा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पहिले भोक मी अण्णांच्या सांगण्यावाचून पाडले आणि ते फसले. स्क्रू आवळला की प्लग जागीच गरगर फिरे. "भुकटी बघ," अण्णा म्हणाले, "नुसतं प्लास्टर आहे ते. वीट अजून लागलीच नाही." टाइल आणि तिच्यामागचा सिमेंटचा थर मिळून इंच-सव्वा इंच सहज जातो, म्हणून स्क्रू किमान अडीच इंच लांब असावा आणि प्लग विटेत रुतावा. लाल भुकटी येऊ लागली की वीट लागली असे समजावे. भुकटी हलकी, पांढुरकी येत असेल तर भिंत नव्या इमारतींत वापरतात त्या सच्छिद्र ब्लॉकची आहे. तिथे साधा प्लग कालांतराने सैल होतो. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीतही तो भरवशाचा नाही. अशा भिंतींसाठी रासायनिक लुकणाने बसवायचे बोल्ट मिळतात. ते काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे. न्हाणीघराची मधली भिंत पुष्कळदा चारच इंचांची असते, हेही ध्यानात ठेवावे. दांडा पाणसळ लावून तपासावा आणि स्क्रूच्या तोंडाशी सिलिकॉन भरावे, म्हणजे भिंतीत पाणी मुरत नाही. शेवटी घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने त्याला झोंबून पाहावे. आमच्याकडे तो मान माझ्याकडे आला.

न्हाणीघराचे दार आत उघडत असेल तर आत पडलेल्या माणसामुळेच ते अडते. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडेल असे करणे सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. तोवर निदान आतली कडी काढून, बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी बसवावी. आईला बाहेर काढताना आमची जी दहा मिनिटे गेली ती या कडीपायी.

गिझर आणि वायरिंग यांना मात्र स्वतः हात लावू नये. आपल्या हातचे काम एवढेच, की मीटरच्या पेटीतील आरसीसीबीचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वीज लगेच खंडित झाली पाहिजे. न झाल्यास त्याच दिवशी वायरमन बोलवावा. तसेच, पासष्टी उलटलेल्या कुणीही दिवा बदलायला स्टुलावर चढू नये; अण्णांनाही मी हे रोज सांगते.

दहाव्या दिवशी आई घरी आली. वॉकर टेकत न्हाणीघरापर्यंत गेली, दांडा धरून पाहिला, एकदा हलवून पाहिला. मग आम्हा सर्वांकडे वळून म्हणाली, "याच्यावर कुणी ओले टॉवेल वाळत घालायचे नाहीत, सांगून ठेवते."