पत्ते घरचे, नावही घरचंच

मैत्रिणींनो, दुपारची आवराआवर झाली की आमच्या पालीतल्या दोघीतिघी हल्ली मोबाईलवर टॅरोचे पत्ते रंगवतात नि एकमेकींना पाठवतात. ‘हे काय नवीन खूळ?’ असं सासूबाई म्हणतीलच! पण रंगवलेले पत्ते आपल्याला नवे कुठे आहेत? सावंतवाडीच्या गोल गंजिफा आठवा. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी 12, असे 120 पत्ते. टॅरोत 78. तोही मुळात 15व्या शतकातला इटलीतला खेळच. भविष्य त्याला मागाहून चिकटलं. तेव्हा मुलीचं लग्न नि प्लॉटचा व्यवहार पत्त्यांवर सोडू नका, बरं का!

मला सांगायचंय ते निराळंच. टॅरोचा सर्वपरिचित संच 1909 साली लंडनमध्ये निघाला. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. चित्रांत आपली खूणही घातली. तरी संच ओळखला गेला तो प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्या नावाने! मोबदलाही तुटपुंजाच. (आपल्या गोधड्यांवर तरी कुठे कुणाचं नाव असतं म्हणा.)

म्हणून संच पाठवण्याआधी प्रत्येक पत्त्यावर आपलं नाव स्पष्ट लिहा. मैत्रिणीचे पत्ते पुढे पाठवायचे तर तिला विचारा. स्मिथबाई 1951 साली वारल्या. आपल्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांची जुनी चित्रं गिरवायला हरकत नाही. बाजारातले नवे संच मात्र उतरवू नका. आणि 78 एकदम नकोत. आधी 22 मोठे पत्तेच करा.