शेताची नव्हे, कसणाऱ्याची मोजणी

कृषी गणना म्हटली की शेताच्या बांधावर टेप धरून उभे असलेले कर्मचारी डोळ्यांसमोर येतात. महाराष्ट्रात तसं फारसं घडत नाही. इथे जमिनीच्या नोंदी मुळातच गावदप्तरात असल्यामुळे तलाठी सातबारा आणि आठ-अ यांवरूनच पहिली यादी करतो. केरळ, पश्चिम बंगालसारख्या राज्यांत मात्र नमुना गावं निवडून घरोघरी विचारणा करावी लागते.

खरी मेख आहे ती ‘वहिवाटीचा खातेदार’ ठरवण्यात. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, पण शेती एकाच चुलीची असेल, तर गणनेत खातं एकच. मालकी कुणाची, हा प्रश्नच नाही. कसतो कोण, एवढंच पाहायचं. तोंडी बटाईने कसणारा मात्र कागदावर सहसा नसतो, आणि नोंदींवर विसंबलेल्या गणनेचा हा मोठाच दुबळेपणा म्हणायला हवा.

यादीनंतर वीस टक्के गावांत पिकं, सिंचन यांचा तपशील घेतात आणि सात टक्के गावांत खतं, बियाणं, अवजारं यांची पाहणी होते. या गणनांनुसार १९७०-७१ साली देशातलं सरासरी खातं २.२८ हेक्टरचं होतं; २०१५-१६ मध्ये ते १.०८ वर आलं.