गाडीखाली ऑइलचा डाग दिसला? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे ऐका

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. आज ॲप नाही, कोड नाही. आज विषय आहे इंजिन ऑइलचा लीक.

आमच्या घरी जळगावला एक जुनी सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे. आईला दर पंधरा दिवसांनी तपासणीसाठी धुळ्याला न्यावं लागतं. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. त्यामुळे गाडीखाली काळे डाग दिसायला लागले तेव्हा पप्पांचा प्रश्न सरळ होता, "ही गाडी रस्त्यात दगा देईल का?"

एका गॅरेजवाल्याने गाडीखाली एकदा वाकून पाहिलं आणि सांगून टाकलं, "क्रँकचं मागचं सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. २५ हजार, चार दिवस." आता बघा, हे सील स्वतः फार महाग नसतं. पण ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसतं, म्हणून सगळा पैसा मजुरीत जातो. निदान चुकलं तर मजुरी पाण्यात, आणि लीक तसाच.

आधी ठरवा, हे ऑइलच आहे का?

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग बघा. नुसतं पाणी असेल तर बहुतेक एसीचं, काळजी नको. हिरवट किंवा गुलाबी, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. लालसर असेल तर बऱ्याचदा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल. तपकिरी-काळं आणि बोटाला चिकट लागलं, तर इंजिन ऑइल. डिझेल गाडीत ते लवकर काळं पडतं, म्हणून रंगाला घाबरू नका. डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली आहे, तेही पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

मग डिपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. पट्टी पुसा, पुन्हा घाला, काढा. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल, तर ऑइल टाकल्याशिवाय हायवेला लागू नका. आणि चालू गाडीत डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला, तर "पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ" हा विचारच नको. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तो दिवा प्रेशर पडल्याचा आहे. प्रेशर नसताना इंजिनचे बेअरिंग काही मिनिटांत जाऊ शकतात.

डाग खाली, चोर वर

आमच्या कामात एरर जिथे दिसते तिथेच बग असतो असं नाही. ऑइलचंही तसंच. ते वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून गळलेलं ऑइल इंजिनच्या पाठीवरून उतरतं आणि नेमकं गिअरबॉक्सच्या सांध्यावरून टपकतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं, मागचं सील गेलं!

धुळ्याच्या एका जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. ते अहिराणीत एवढंच म्हणाले, "पहिले इंजिन धुई काढू भाऊ, मंग देखू."

पद्धत साधी आहे. थंड इंजिन डिग्रीझरने स्वच्छ करायचं. अल्टरनेटर आणि वायरिंगवर प्रेशरचं पाणी मारायचं नाही. पूर्ण कोरडं झालं की संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवायची, पट्टे आणि पंख्यापासून लांब. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवायचं, बंद करायचं आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत यायचं: टॅपेट कव्हर, ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच, टर्बोचे पाइप, चेंबर, ड्रेन बोल्टचा वॉशर, शेवटी क्रँकची सीलं. जी सर्वांत वरची जागा ओली, तिथून सुरुवात.

आमच्या गाडीत टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर ओली झाली होती. रबरी पॅकिंग वर्षानुवर्षं उष्णता खाऊन प्लास्टिकसारखं कडक झालं होतं.

पॅकिंग का फुटलं, हेही विचारा

इथे मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट केली. ब्रीदरचा पाइप काढला, तो गाळाने जवळपास बंद होता. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली झिरपतोच, तो ब्रीदरमधून बाहेर पडतो. वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि ऑइल कमकुवत सांध्यातून बाहेर ढकललं जातं. नुसतं पॅकिंग बदललं असतं, तर काही महिन्यांनी पुन्हा तेच.

दोन्ही सांधे साफ करून नवं पॅकिंग बसलं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळले. जोर लावून आवळलं तर पॅकिंग चेपतं किंवा कव्हरच वाकतं. सिलिकॉनही मॅन्युअल सांगेल तिथेच. जादा लावलेलं आत तुटून पडतं आणि ऑइल खेचणाऱ्या जाळीत अडकू शकतं. सगळा खर्च अडीच हजारांच्या आत.

धुळ्याची एक फेरी झाल्यावर पुन्हा टॉर्च मारली. सगळं कोरडं. पुठ्ठाही स्वच्छ.

मागचं सील खरंच जातं, नाही असं नाही. वरचं सगळं कोरडं असताना त्या सांध्यातून ऑइल येत असेल, किंवा क्लच घसरायला लागला असेल, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पण आधी म्हणा, "भाऊ, इंजिन साफ करून जागा दाखवा." चांगला मेकॅनिक यावर चिडत नाही.

आणि हो, काढलेलं जुनं ऑइल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. गॅरेजमधल्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्येच द्या.

तुमच्या गाडीचा पुठ्ठा काय म्हणतो, ते व्हॉइस नोट करून नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!