गाडी ठरविण्यापूर्वी पाटी पाहा

पावसाळा सुरू झाला, की मुंबईकरांचे गट लोणावळा, माळशेजकडे निघतात. बारा-तेरा जणांसाठी व्हॅन ठरते. घासाघीस होते ती केवळ दराची. गाडीची नंबरप्लेट मात्र कोणी पाहत नाही. पेट्रोल वा डिझेलवरील भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे हवीत. पांढरी पाटी खासगी वापराची. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार परवान्याविना भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत. अपघात झाल्यास विमा कंपनी याच कारणावरून भरपाई नाकारू शकते. स्वस्तातली गाडी तेव्हा भलतीच महाग पडते.

दराचेही तसेच. किलोमीटर बहुधा गॅरेज ते गॅरेज मोजतात. त्यामुळे डोंबिवलीची गाडी दादरला बोलावली, तर रिकाम्या फेरीचेही पैसे द्यावे लागतात. टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता वेगळा.