नवव्या आठवड्यातली सुट्टी

स्वीडनचे हापारांडा आणि फिनलंडचे टोर्नियो ही म्हणायला दोन गावे. एरवी तिथे सरहद्द जाणवते ती घड्याळात, कारण फिनलंडचा काटा तासभर पुढे असतो. सरहद्द तिथल्या गोल्फच्या मैदानावरूनच जाते, त्यामुळे अलीकडे टोलवलेला चेंडू पलीकडे तासाभराने पडतो, अशी गंमत सांगतात. 2020 च्या वसंतात या जुळ्या गावांच्या मध्ये कुंपण उभे राहिले. त्या वर्षीच्या जूनअखेरीस कोविडने स्वीडनमध्ये 5 हजारांहून अधिक माणसे गेली होती, डेन्मार्कमध्ये सुमारे 600, फिनलंडमध्ये 330 च्या आसपास आणि नॉर्वेत 250. स्वीडनची लोकसंख्या यांच्यापैकी प्रत्येकाच्या साधारण दुप्पट आहे, हे जमेस धरले तरी लाखामागे स्वीडनमध्ये 50 आणि नॉर्वेत 5 मृत्यू, असा दसपट फरक उरतो. हवामान, उत्पन्न, आरोग्यसेवा, सरकारवरचा विश्वास या सगळ्यांत ही राष्ट्रे सख्ख्या भावंडांसारखी. मग हा फरक आला कुठून? जगभर त्याचे एकच उत्तर दिले गेले: शेजाऱ्यांनी टाळेबंदी केली, स्वीडनने केली नाही. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. साथीचा बराचसा निकाल टाळेबंदीचा वाद सुरू होण्याआधीच लागला होता. रोगाचे बी किती ठिकाणी आणि कोणत्या दिवशी पडले, आणि ते रुजले तेव्हा म्हाताऱ्या माणसांची घरे कोणत्या अवस्थेत होती, या दोन गोष्टींनी तो ठरवला.

यासाठी आधी स्वीडनच्याच पोटात डोकावू. तिथल्या शाळांना फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवडाभराची हिवाळी सुट्टी असते. सगळ्या देशाने एकदम डोंगरावर गर्दी करू नये म्हणून ती प्रांतवार वाटून दिलेली आहे: योटेबोर्गला वर्षाचा सातवा आठवडा, माल्मोच्या स्कोने प्रांताला आठवा, स्टॉकहोमला नववा. 2020 साली नववा आठवडा 24 फेब्रुवारी ते 1 मार्च असा आला. इटलीत लोम्बार्डीतला उद्रेक उघडकीस आला तो 21 फेब्रुवारीला. म्हणजे योटेबोर्गची मंडळी आल्प्समधून परतली तेव्हा तिथला रोग अजून दबून होता, आणि स्टॉकहोमकर बर्फावर घसरायला पोचले ते तो भडकल्यावर. एप्रिलअखेरच्या रक्तचाचण्यांत स्टॉकहोममध्ये 7.3 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, स्कोनेत 4.2 टक्के, तर योटेबोर्गच्या प्रांतात 3.7 टक्के. पहिल्या लाटेतले मृत्यूही स्टॉकहोमच्या वाट्याला फार जास्त आले. नियम मात्र तिन्हीकडे तेच होते. थोरल्या मुलांचे वर्ग घरून भरत होते, लहानांच्या शाळा चालू होत्या, उपाहारगृहे उघडी होती. माल्मोपासून कोपनहेगन एका पुलाच्या अंतरावर आहे आणि तिथे टाळेबंदी होती. तरी पहिल्या लाटेतले माल्मो हे स्टॉकहोमपेक्षा कोपनहेगनच्या वळणावर गेले. साथ तीन दिवसांत दुप्पट होत असेल तर पंधरा दिवसांत ती बत्तीस पट होते. या हिशेबात आठवडाभराच्या सुट्टीचे वजन एखाद्या कायद्याएवढे भरते.

इथे कोणीही विचारील की आल्प्समध्ये काय फक्त स्टॉकहोमकर गेले होते? मुळीच नाही. ऑस्ट्रियातल्या इश्गलहून नॉर्वेजियनांनीही रोग भरपूर आणला, आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात लोकसंख्येच्या मानाने नॉर्वेतले रुग्ण युरोपात वरच्या क्रमांकांत होते. स्वीडनमधला पहिला मृत्यू 11 मार्चचा, नॉर्वेतला 12 मार्चचा. म्हणजे शर्यत जवळजवळ एका रेषेवरून सुरू झाली. त्याच 12 तारखेला नॉर्वेने शाळा बंद केल्या आणि परदेशातून आलेल्यांना घरातच थांबायला लावले. डेन्मार्कने आदल्या दिवशीच तशी घोषणा केली होती. स्वीडनने त्या दिवशी 500 हून अधिक लोकांच्या जमावाला बंदी केली आणि ही मर्यादा 50 वर आणायला 29 मार्च उजाडला. फिनलंडने तर 28 मार्चपासून हेलसिंकीसकट सगळा उसिमा प्रांत उरलेल्या देशापासून तोडला आणि तो 15 एप्रिलला पुन्हा जोडला. तेव्हा धोरणाला किंमत आहेच. पण ती धोरण किती कडक होते यापेक्षा ते कधी आले यात अधिक आहे. नॉर्वेचे निर्बंध काही आठवड्यांतच सैल होऊ लागले, कारण ते लागले तेव्हा विझवायची आग लहान होती. स्वीडनच्या कोरोना आयोगाने 2022 च्या अंतिम अहवालात हेच नोंदवले: सल्ल्यावर आणि स्वेच्छेवर भर देणे मुळात योग्य होते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पावले लवकर आणि जोरात पडायला हवी होती, आणि बाहेरून परतणाऱ्यांना घरात थांबवायला हवे होते. अँडर्स टेग्नेल या सरकारी साथरोगतज्ज्ञाला कोणी देव केले, कोणी खलनायक. पण तिथल्या राज्यघटनेत शांतताकाळातल्या आणीबाणीची तरतूदच नाही, आणि सरकारी संस्थांच्या कामात मंत्र्याने हात घालायचा नसतो. एका माणसाच्या लहरीवर हे सगळे चालले होते, असे समजणे बाळबोध आहे.

दुसरी गोष्ट वृद्धांच्या निवासांची. मला ती जास्त बोलकी वाटते, कारण तिची मुळे साथीच्या कितीतरी मागे जातात. 1992 च्या सुधारणेने स्वीडनमध्ये वृद्धांची देखभाल नगरपालिकांकडे आली, डॉक्टर मात्र प्रादेशिक परिषदांकडेच राहिले. नगरपालिकेच्या निवासाला स्वतःचा डॉक्टर नेमता येत नव्हता. शेजारच्या नॉर्वेत शुश्रूषागृहाचा डॉक्टर पालिकाच नेमते. आता अशा निवासातली एक पाळी पाहा. तासांच्या बोलीवर काम करणारी एक बाई सकाळी फोनची वाट पाहते. कोणी रजेवर गेले की बोलावणे येते. आज या इमारतीत, परवा दुसऱ्या. घसा धरलाय म्हणून ती घरी बसली तर तिला पुढचे बोलावणे येईलच याची खात्री नसते. एका माणसाला अंघोळ घालायची, दुसऱ्याला घास भरवायचा, तिसऱ्याला कुशीवर वळवायचे. यातले एकही काम दोन हात लांबून होत नाही, आणि त्या वसंतात मास्क तर पुरेसे नव्हतेच. निवासांत भेटीला येण्यावर देशभर बंदी आली 1 एप्रिलला. तोवर रोग आत गेला होता, आणि तो नातेवाइकांबरोबरच कर्मचाऱ्यांच्या दारानेही जात होता. देखरेख करणाऱ्या संस्थेला पुढे आढळले की निवासांतल्या कोविडबाधितांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या प्रकृतीचे डॉक्टरने स्वतंत्र मूल्यमापनच केलेले नव्हते. आयोगाच्या डिसेंबर 2020 च्या पहिल्या अहवालाने वृद्धांना वाचवण्यात देश कमी पडला असे स्पष्ट म्हटले, आणि त्याचा मोठा दोष वर्षानुवर्षे पोसलेल्या या रचनेला दिला. त्याच महिन्यात राजे कार्ल सोळावे गुस्ताव यांनीही आपण अपयशी ठरलो अशी कबुली दिली.

लोकसंख्येच्या दाटीचा मुद्दा मात्र लवकर निकालात निघतो. चौरस किलोमीटरला स्वीडनमध्ये सरासरी 25 माणसे राहतात आणि डेन्मार्कमध्ये त्याच्या पाचपट, तरी मृत्यू डेन्मार्कमध्ये कमी. सरासरीतली दाटी रोगाला कळत नाही. त्याला घरातली दाटी कळते. म्हणून स्टॉकहोममध्येच रिंकेबी आणि टेन्स्टा या, मोठी कुटुंबे आणि बस-टॅक्सी चालवणारी माणसे असलेल्या वस्त्या आधी पोळल्या.

मोजदादीची शंका अधिक गंभीर आहे. बेल्जियमने निवासांतले नुसते संशयित मृत्यूही धरले, नेदरलँड्सने चाचणी झालेलेच. म्हणून पहिल्या लाटेत बेल्जियम भयंकर आणि नेदरलँड्स बरे दिसले. पुढे डच सांख्यिकी खात्याने मृत्यूचे दाखले तपासले, तेव्हा मार्च ते जूनचा सुमारे 6 हजारांचा आकडा 10 हजारांवर गेला. आपल्याकडेही 2021 च्या उन्हाळ्यात केरळमध्ये रोज सापडणारे रुग्ण पाहून त्या राज्याला नावे ठेवली गेली. पण जून-जुलैच्या राष्ट्रीय रक्तपाहणीत पाहणी झालेल्या राज्यांपैकी प्रतिपिंडे असलेले लोक सर्वांत कमी तिथेच निघाले, सुमारे 44 टक्के, तर मध्य प्रदेशात 79 टक्के. केरळ रुग्ण शोधत होता, म्हणून ते सापडत होते. तेव्हा आकड्याआधी मोजण्याची पद्धत विचारावी हे खरेच. पण स्वीडन आणि नॉर्वे यांच्यातली दसपट मोजणीच्या फरकाने पुसली जात नाही.

राहता राहिला स्वीडनच्या चाहत्यांचा आवडता मुद्दा. 2020 ते 2022 ही तीन वर्षे एकत्र धरून एकूण जादा मृत्यू मोजले, तर अनेक गणितांत स्वीडन युरोपच्या तळाशी, म्हणजे चांगल्या टोकाला दिसतो. नॉर्वे आणि फिनलंड यांचे मृत्यू 2022 मध्ये वाढले. यावरून शेजाऱ्यांनी मृत्यू फक्त पुढे ढकलले, असे म्हणतात. यात एक मेख आहे. जादा म्हणजे कशापेक्षा जादा, हे आधीच्या वर्षांवरून ठरते, आणि 2019 हे स्वीडनमध्ये अगदी कमी मृत्यूंचे वर्ष होते. पाया एखाद्या वर्षाने सरकला की क्रमवारी हलते. शिवाय पुढे ढकलणे म्हणजे काहीच नाही, असे कसे म्हणता येईल? युरोपीय संघात लस टोचायला सुरुवात झाली 27 डिसेंबर 2020 च्या सुमारास. त्या वर्षअखेरपर्यंत स्वीडनमध्ये 9 हजारांच्या वर माणसे गेली होती, नॉर्वेत साडेचारशेच्या आत. ऐंशी वर्षांच्या नॉर्वेजियन आजीला रोगाने 2022 मध्ये गाठले असेल, तर बहुधा तिन्ही डोस झाल्यावर.

15 जून 2020 ला डेन्मार्क आणि नॉर्वे यांनी एकमेकांना सरहद्दी उघडल्या आणि स्वीडनला तूर्त बाहेर ठेवले. दिसायला हा निर्णय तर्काला धरून होता. पण त्या वेळी माल्मोत रोग स्टॉकहोमपेक्षा कितीतरी कमी होता. आणि हिवाळ्यात दुसरी लाट आली तेव्हा, पहिल्या खेपेला बचावलेल्या त्याच स्कोने प्रांताला तिने जोरात धरले. आता तिथे सुट्टीचे निमित्तही उरले नव्हते. रोग एव्हाना घरचा झाला होता, आणि अंगात प्रतिपिंडे असलेली माणसे तिथे थोडीच होती.