रानात असताना वीज कडाडली तर? मोबाइलची तयारी घरूनच करा

बीड जिल्ह्यात सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस अनेकदा एकाच वेळी येतात. माणसे रानात, आसरा दूर.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात पडणाऱ्या विजा दाखवते. त्यासाठी लोकेशन आणि इंटरनेट सुरू हवे. शेतात इंटरनेट चालत नाही, पण साधा फोन लागतो? मग घरी असलेल्याने ॲप पाहून रानात फोन करायचा, हे आधीच ठरवा. इशारा मिळताच पक्के घर गाठा. झाडाखाली थांबू नका. हातातला मोबाइल वीज खेचतो, हा समज मात्र चुकीचा. धोका आहे तो चार्जिंगला लावलेला फोन वापरण्यात.

पुराचे गणित वेगळे. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरी, सिंदफणेच्या पुराने गेवराई, माजलगाव तालुक्यांना तडाखा दिला. पुरात आधी वीज जाते, मग फोनची बॅटरी. पॉवर बँक भरून ठेवा. सातबारा, पासबुकाचे फोटो बाहेरगावी राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाकडेही असू द्या. फोनच बंद पडला, तर शेजाऱ्याच्या फोनवरून लावता येतील असे दोन नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत: ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७.